अळ्यांपासून लांब

गिरकी त्या दिवशी एका जागी बसली आणि सगळ्यांना बरं वाटलं.

एरवी ही पोरगी कधी बूड टेकत नसे, म्हणून तर तिचं नाव गिरकी पडलं होतं. खरं नाव बालवाडीच्या हजेरीपुरतं. रेशीम-अळ्यांच्या शेडच्या तोंडाशी जाळीच्या दाराची एक लहान खोली होती. हातपाय धुवायचे, चपला बदलायच्या आणि मग आत जायचं, त्यासाठी ती. आई शेडमध्ये असली की गिरकी या खोलीत धुडगूस घालायची. सगळ्यांच्या चपला उलट्या मांडायची, चुन्याच्या बादलीत बोट बुडवायची, मग ओरडा खायची आणि पुन्हा बुडवायची. त्या दिवशी मात्र पाल्याच्या रिकाम्या पोत्यावर गुडघे पोटाशी घेऊन ती नुसती बसून राहिली.

"आज शहाणी झालीय बघ," तिचा बाप डोक्यावरचा फांद्यांचा भारा टाकत म्हणाला.

"बोलू नका, लगेच उठेल," थोरली म्हणाली आणि भारा उचलून आत गेली.

थोरली म्हणजे गिरकीची आई, घरातली मोठी सून. पोरगी का बसलीय हे बघायला तिला खरंच सवड नव्हती. अळ्या शेवटच्या खाण्यावर आल्या होत्या. बोटाएवढ्या जाड, पांढऱ्याफेक, आणि खाण्याला अंत नाही. शेवटच्या रॅकवर पाला पसरून मागे वळावं तर पहिल्या रॅकवर नुसत्या काड्या उरलेल्या. त्यांच्या चावण्याचा बारीक आवाज शेडभर चालू असायचा, आणि जेवायला बसलं तरी तो कानातून जात नसे. त्यात यंदा उन्हाळा लवकर पेटला. गरम वाऱ्याने घरची तुती करपली, पानं कागदासारखी वाजायला लागली. मग थोरला, म्हणजे तिचा नवरा, रोज छोटा टेम्पो घेऊन कालव्यापलीकडच्या ओळखीच्या मळ्यात जायचा आणि तिथून ओल्या फडक्याखाली पाला झाकून आणायचा. थोरलीच्या तळहाताला तुतीच्या चिकाने काळी साल धरली होती. खांदे असे भरून यायचे की रात्री कूस बदलताना ती दात आवळायची.

शेडचा सगळा कारभार आबांचा. आबा म्हणजे सासरे. गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग आणि हातात बांबूचा चिमटा, अशा थाटात ते दिवसभर रॅकांमधून फिरत. धडधाकट अळी एका जागी बसून खाते. आजारी अळी खात नाही, रॅकच्या कडेकडेने फिरत राहते, अंगाने फुगते, पिवळी पडते. अशी एखादी दिसली की आबा तिला चिमट्यात धरून चुन्याच्या डब्यात टाकत आणि मग तास-दोन तास कुणाशी बोलत नसत. एका अळीपायी सगळी शेड जाऊ शकते, हे त्यांनी तरुणपणी एकदा बघितलं होतं. तेव्हापासून नियम म्हणजे नियम. परका माणूस आत नाही, धुतल्याशिवाय पाय आत नाही. माणसांच्या तोंडाकडे मात्र ते क्वचितच बघायचे.

संध्याकाळी थोरलीने गिरकीला उचललं तर अंग कोमट लागलं.

"दिवसभर पत्र्याखाली बसलीय," थोरला म्हणाला. "तापणारच."

पोरीने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. थोरलीने ते ताट उभ्याउभ्या स्वतः संपवलं आणि पाला टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झबलं बदलताना पोटावर आणि मानेखाली लाल ठिपके दिसले. थोरलीचे हात थांबले. आदल्या दिवशीच अळ्यांवर जंतू मारायची पावडर धुरळली होती. नाकाला फडकी बांधून सगळ्यांनी ते काम केलं होतं, आणि गिरकी खोलीतच होती. थोरलीने पोरीला तशीच उघडी काखेत मारली आणि आबांच्या पुढ्यात नेऊन उभी केली.

आबांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. पोरीच्या पोटावर वाकून एकेक ठिपका बघितला. गिरकीला गुदगुल्या झाल्या नाहीत, हे थोरलीच्या लक्षात आलं आणि तिला ते आवडलं नाही.

"पावडरीने अंग उतलंय," आबांनी निकाल दिला. "अंगाला तेल लाव, बसेल."

"ताप पण आहे आबा थोडा."

आबांनी भिंग खाली सोडलं. आता त्यांचा चेहरा बदलला. "ताप? मग इथे कशाला आणलीस? काही का असेना, तिला अळ्यांपासून लांब ठेवा. आता शेवटच्या टप्प्यावर काही आत शिरलं तर संपलंच."

"पण ठेवू कुठे? मी तर दिवसभर शेडमध्ये."

"धाकटीच्या खोलीत ठेव. ती काय, नुसती बसूनच असते."

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. तिला सातवा महिना होता. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून कधीतरी दोन दिवस उगवायचा. धाकटीला तुतीच्या पाल्याचा वास नुसता आला तरी उलटी व्हायची, आणि शेडमध्ये कुणी उलटी करणं म्हणजे आबांच्या लेखी आगच लावणं. म्हणून तिला शेडबंदी होती. ती मागच्या खोलीत असायची. घरातला एकुलता एक चांगला पंखा त्याच खोलीत होता. आदल्या वर्षी तिचं एक बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे तिला कुणी काही बोलत नसे. थोरलीही बोलत नसे. पण भारा डोक्यावर घेऊन त्या खिडकीवरून जाताना आत फिरणारा पंखा दिसला की तिच्या कपाळावर आठी यायची. ती काही देवमाणूस नव्हती, बाई होती, आणि तिची पाठ दुखत होती.

म्हणून तिने गिरकीला त्या खोलीत नेऊन ठेवलं तेव्हा तिला आतून जरा बरंच वाटलं. बघू दे हिलाही, किरकिरं पोर दिवसभर सांभाळणं काय असतं ते.

"पावडरीने अंग उतलंय," ती म्हणाली. "खाजवू देऊ नकोस. जवळ घेऊन बस जरा."

"या या गिरकीबाई," धाकटी उठून बसत म्हणाली आणि तिने हात पुढे केले.

आबांची गोळीही मिळाली. डोकं दुखलं की ते घ्यायचे ती. "माझ्यातली अर्धी दे," म्हणाले. थोरलीने चुरून साखरेतून दिली, पण गिरकीने ती थू करून भिंतीवर उडवली आणि तोंड मिटून घेतलं. थोरलीने तिच्या पाठीत एक हलका धपाटा घातला. तो धपाटा पुढे बरेच दिवस तिच्या हाताला आठवत राहिला.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस थोरलीने पोरीला धड बघितलंच नाही. पहाटे निघताना ती झोपलेली असायची आणि अंधार पडल्यावर परत येताना पुन्हा झोपलेली. मधे पाणी प्यायला आलं की दारातूनच विचारायचं, "कशी आहे?" आणि धाकटीने सांगायचं, "खाजवते सारखी. पण गोष्ट सांगितली की गप्प बसते." पोरगी धाकटीच्या कुशीत, डोकं तिच्या पोटाला लावून. "बाळ लाथ मारतंय," असं गिरकी मोठ्याने जाहीर करायची आणि मग मान खाजवायची. थोरलीला कामात चैन पडत नव्हतं. पाला पसरताना मधेच हात थांबायचे. आपण काहीतरी विसरलोय, चुलीवर काहीतरी राहिलंय, असं वाटत राहायचं. मग आबा ओरडायचे आणि ती पुढच्या रॅककडे वळायची.

शेवटी धाकटीनेच हाक मारली. दुपार होती. अळ्या पिकायला लागल्याचं आबांनी सकाळीच सांगितलं होतं. पिकलेली अळी खाणं सोडते, अंगाने काचेसारखी पिवळसर होते आणि डोकं वर करून जागा शोधते. तेव्हा तिला उचलून जाळीदार चंद्रिकेवर ठेवायचं, म्हणजे ती तिथे कोष विणते. उशीर झाला तर ती पाल्याच्या कचऱ्यातच विणते आणि कोष डागाळतो. एकदा सुरू झालं की थांबता येत नाही. घरात माणसं मोजकी आणि अळ्या हजारोंनी.

"ताई, जरा येता का?" धाकटी खिडकीतून म्हणाली. "हिच्या डोक्यात बघा."

"ऊ असेल."

"ऊ नाही. पाण्याचा फोड आहे. केसांच्या मुळाशी."

थोरली तशीच आली, हातपाय न धुता. धाकटी पोरीचे केस विंचरत होती. फणी तिने तशीच केसात धरून ठेवली होती. भांगाशेजारी एक फोड होता, दवाच्या थेंबासारखा टपोरा, भोवती लाल कडं.

पावडर धुरळताना गिरकीच्या डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं होतं. ते थोरलीनेच बांधलं होतं.

तिने पोरीचं झबलं डोक्यावरून काढलं आणि तिला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. पोटावर ठिपके होते, पण सगळे सारखे नव्हते. काही कालचे वाटावेत असे ताजे लाल. काहींत पाणी भरलेलं. काही खाजवून फुटलेले. आणि मानेखालचे पहिले सुकून त्यांच्यावर खपली धरायला लागली होती. पावडरीने उतलेलं अंग एकदम उततं आणि एकदम बसतं. हे रोज नवीन येत होतं.

"आ कर."

गिरकीने तोंड उघडलं. टाळूवर दोन पांढरट चट्टे. म्हणून दूध नको होतं, म्हणून गोळी थुंकली होती.

थोरलीचा हात आपोआप स्वतःच्या भुवईकडे गेला. तिथे एक लहान खड्डा होता. लहानपणी आईने हात बांधून ठेवले तरी तिने खपली काढली होती, त्याची खूण.

"अगं, या तर कांजिण्या," ती म्हणाली आणि चक्क हसली. इतक्या दिवसांची हुरहूर एकदम उतरली. "कांजिण्या आहेत गं! सगळ्यांनाच होतात. मला झाल्या होत्या. घाबरले उगाच."

धाकटीही हसली. तिने गिरकीला पुन्हा ओढून जवळ घेतलं.

त्याच वेळी अंगणात स्कूटर थांबली. ही नर्सबाई. धाकटीला तपासायला ठरल्याप्रमाणे यायची. पिशवी खांद्याला, आवाज असा की गल्लीच्या टोकाला आली की इथे कळावं. "कुठे आहे आमची राणी? पाय सुजलेत का?" असं म्हणत ती दारापर्यंत आली आणि दारातच थांबली.

तिने गिरकीकडे बघितलं, मग धाकटीच्या पोटाकडे. आवाज एकदम खाली आला.

"ही इथे कधीपासून आहे?"

"दोन-तीन दिवस झाले," थोरली म्हणाली. "आम्हाला आत्ताच कळलं, कांजिण्या आहेत."

"बालवाडीतली निम्मी पोरं झोपलीत. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? अळ्या वाढीला लागल्यापासून पाल्याच्या खेपा सोडल्या तर घरातलं कुणी गल्लीतही गेलं नव्हतं.

"उचल तिला," नर्सबाई म्हणाली. "आधी बाहेर घे. बाहेर." मग धाकटीला, "तुला झाल्या होत्या का लहानपणी? आठव."

"माहीत नाही."

"आई असेल तर फोन लाव."

"आई नाही," धाकटी म्हणाली. "मी मावशीकडे वाढले. मावशी पण नाही आता. बाबांना..." तिने फोन लावला. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं ऐकू आलं. तिने फोन ठेवला. "म्हणतात, अशा गोष्टी आईलाच माहीत."

"काय होतं त्याने?" थोरलीने विचारलं. पोरगी तिच्या खांद्यावर जड झाली होती. "सिस्टर, काय होतं?"

नर्सबाईने तिला अंगणात नेलं. "पोरांना हे सोपं जातं. पोटुशी बाईला जात नाही. आधी झाल्या असतील तर काही भीती नाही. नसतील तर तिला छातीत उतरू शकतं, बाळाला त्रास होऊ शकतो. आज मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासायचं. संरक्षण नसेल तर इंजेक्शन देतात, पण ते लवकर द्यावं लागतं. मी फोन करून ठेवते. मात्र आज. आत्ता."

आबा शेडच्या जाळीच्या दारात येऊन उभे होते. हातात चिमटा. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं ते असं, "अळ्यांना लागत नाही ना हे?"

"अळ्यांना कांजिण्या होत नाहीत आबा," नर्सबाई म्हणाली. "पोरीला अळ्यांजवळच ठेवायची होतीत तुम्ही."

मग ती थोरलीकडे वळली.

"पण हिला त्या खोलीत ठेवायचं डोकं कुणाचं?" तिने विचारलं.

थोरलीच्या घशाशी आलं होतं की माझं. निदान अर्धं तरी तिचं होतंच. पण आबा आधी बोलले.

"माझं. मी भिंगाने बघितलं आणि सांगितलं. माझ्या दोन्ही पोरांना झाल्या होत्या कांजिण्या. एकदमच दोघांना. मला ओळखू यायला हव्या होत्या."

"मग?"

"मी तेव्हा शेडमध्ये होतो. त्यांच्या आईने बघितलं सगळं."

तेवढ्यात फाटकातून थोरल्याचा टेम्पो आत आला. मागे ओल्या फडक्याखाली दिवसभराचा पाला. तो उतरायच्या आत थोरलीने त्याला सगळं सांगितलं. त्याने डोक्यावरचं फडकं काढलं, आबांकडे बघितलं, शेडकडे बघितलं. "अळ्या तर पिकायला लागल्या," तो म्हणाला. "हा पाला सावलीत उतरवून, तासाभरात..."

आबा टेम्पोच्या मागे गेले, फळी पाडली आणि फांद्यांचे भारे ओढून खाली टाकायला लागले. सावलीत नाही, फडक्यावर नाही. तिथेच, फाटकातल्या मातीत. पानाला धूळ लागली म्हणून थोरलीला ज्यांनी कितीदा फैलावर घेतलं होतं, तेच आबा.

"आबा, निदान बाजूला तरी..."

"वेळ नाही. तू गाडी वळव."

धाकटी पिशवी घेऊन आली. थोरलीने तिला पुढच्या सीटवर बसवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या हाताने आत्ताच पोरीला धरलं होतं. धाकटीने ते बघितलं. ती स्वतःच दांडीला धरून चढली, एक हात पोटाखाली देऊन. टेम्पो मातीतल्या पाल्यावरूनच गेला.

मग नर्सबाईने थोरलीला अंगणातल्या बाकावर बसवलं आणि एक एक सांगितलं. नखं आधी काप, अगदी मुळापर्यंत. रोज कोमट पाण्याने अंघोळ, घासायचं नाही, नुसतं टिपायचं. सैल सुती कपडे. खाजेवर गुलाबी औषध लाव, कॅलामाइन. ताप आला तर ही बाटली, एवढी. पाणी पाजत राहा, मऊ भात दे, तिखट नको, तोंड चरचरतं. श्वास लागला, पोरगी गुंगीत गेली, उलट्या थांबेनात, फोड लाल होऊन गरम लागला, तर वाट बघत बसू नको, उचलून आण. सगळ्या खपल्या सुकेपर्यंत बालवाडी बंद.

"गोळी काही दिलीस का?"

थोरलीने आबांची गोळी दाखवली. नर्सबाईने पाकीट उजेडात धरून नाव वाचलं.

"ही ॲस्पिरिन. पोरांना या आजारात कधीच द्यायची नाही."

"तिने थुंकली ती."

"फार शहाणी आहे," नर्सबाई म्हणाली.

थोरलीने गिरकीची नखं कापली. प्रत्येक बोट धरताना तिला रडू येत होतं आणि गिरकी विचारत होती, काकू कुठे गेली. अंघोळ घालून, गुलाबी ठिपक्यांनी रंगवून तिने पोरीला शेडच्या तोंडाच्या खोलीत पोत्यावर बसवलं, जिथून तिला हाकललं होतं तिथेच. आबांनी चुन्याची बादली उचलून बाहेर ठेवली आणि वाट मोकळी केली.

मग सासरा आणि सून अळ्या वेचत राहिले. पिकलेली उचलायची, चंद्रिकेवर ठेवायची, पुढची उचलायची. खूप अळ्यांनी वाट बघितली नाही. त्यांनी पाल्याच्या कचऱ्यातच तोंड फिरवायला सुरुवात केली. कुठे दोघींनी मिळून एकच कोष धरला. आबांना ते दिसत होतं, पण त्यांचं लक्ष जाळीच्या दारापाशी ठेवलेल्या फोनकडे होतं. एकदा तो नुसता हलल्यासारखा वाटला आणि दोघंही एकदम वळले.

दिवेलागणीला थोरल्याचा फोन आला. "तिच्या रक्तात काही नाही. म्हणजे झाल्या नव्हत्या तिला. इंजेक्शन दिलंय. एक दिवस ठेवून घेतात."

"मग झालं ना? आता होणार नाहीत ना?"

"डॉक्टर म्हणतात, बहुतेक नाही. झाल्याच तर जोर कमी असेल. महिनाभर तरी लक्ष ठेवायचं. एक फोड दिसला तरी त्याच दिवशी आणायचं."

थोरलीला 'बहुतेक' हा शब्द नको होता.

धाकटी परत आली तेव्हा तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी एक बादली, साबण आणि चपलांचा वेगळा जोड ठेवलेला होता. आबांनी शेडची सगळी शिस्त उचलून तिच्या दाराशी आणली होती. परकं माणूस आत नाही, धुतल्याशिवाय पाय आत नाही. कोष उतरवून झाले, शेड रिकामी झाली, खाण्याचा आवाज बंद झाला, तरी घर काही शांत झालं नाही. जो तो उठसूट धाकटीच्या चेहऱ्याकडे बघायचा. तिने मानेला हात लावला तरी थोरली हातातलं काम टाकून खिडकीशी यायची. गिरकीच्या खपल्या गळून गेल्या, जागोजागी फिक्या खुणा राहिल्या, ती पुन्हा चपला उलट्या मांडायला लागली. नर्सबाई म्हणाली, आता हिच्यापासून कुणाला काही नाही. तरी थोरलीने तिला त्या खोलीत जाऊ दिलं नाही. गिरकी अंगणात उभी राहून खिडकीशी बोलायची.

महिना संपत आला होता. एका सकाळी धाकटीने खिडकीतून हाक मारली, आणि त्या हाकेत काय आहे ते थोरलीला शब्द ऐकण्याआधीच कळलं.

"ताई, हे बघा हो."

कोपराच्या वर एक लाल ठिपका होता.

थोरलीने बघितलं, पुन्हा बघितलं. डोळ्यांवर विश्वास बसेना. "आबा!" ती ओरडली. आबा आले. उंबऱ्याशी हातपाय धुतले, चपला बदलल्या, आत आले. भिंग गळ्यात होतं. थोरलीने धाकटीचा हात उजेडात धरला. आबांनी सवयीने भिंग उचललं, डोळ्यापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले. मग दोरी मानेतून काढून ते भिंग त्यांनी खिडकीत ठेवून दिलं.

"मला माणसाचं कळत नाही," ते म्हणाले. "सिस्टरला बोलवा. मीच जातो." आणि ते घरातल्या चपलांवरच अंगण ओलांडून गेले.

दोघी खोलीत राहिल्या. थोरली पलंगाच्या कडेला बसली, उठली, पुन्हा बसली.

"मला तेव्हा बरं वाटलं होतं," ती एकदम म्हणाली. "गिरकीला तुझ्या गळ्यात घालताना. म्हटलं, बसलेली असते पंख्याखाली, बघू दे जरा. आता सांगून काय उपयोग, पण वाटलं होतं."

धाकटी आपल्या हाताकडे बघत होती. "मला पण बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "दिवसभर कुणी बोलायलाच नसायचं हो. तुम्ही सगळे तिकडे. त्या आवाजाचा मला दुस्वास वाटायचा. ही आली, पोटाला कान लावून बसली, ते दोन-तीन दिवस मला फार चांगले गेले."

इतके दिवस थोरली खिडकीवरून जाताना पंखा बघत आली होती. तिने धाकटीचा तोच हात, ठिपक्याचा, दोन्ही हातांत धरून ठेवला.

नर्सबाई आली. ठिपका दाबून बघितला, मान बघितली, पाठ बघितली, तोंडात बॅटरी मारली, ताप बघितला.

"डास."

"नक्की?" आबांनी दारातून विचारलं.

"एकच आहे, मधे टोचल्याची खूण आहे, ताप नाही, तोंड साफ. उद्या सकाळी येऊन पुन्हा बघते. एवढी बादली लावलीत, तर तोवर मच्छरदाणी पण लावा."

दुसऱ्या दिवशी तो ठिपका इतका फिका झाला होता की नर्सबाईला तो शोधावा लागला. तिने पोटावर नळी ठेवून बाळाचे ठोके ऐकले, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाली, "संपला तुमचा पहारा." धाकटी तोवर धीराने बसली होती, ती आता रडायला लागली.

गिरकी अंगणातून हे सगळं ऐकत होती. ती पळत आली, पण उंबऱ्याशी थांबली. बादलीतलं पाणी घेऊन तिने एक पाय धुतला, मग दुसरा. मोठ्यांच्या चपलांत पाय घातले. मग आबांकडे मान वर केली.

"आबा, जाऊ?"

"मला नको विचारू," आबा बाजूला सरत म्हणाले. "तिला विचार."

"काकू, येऊ?"

"ये," धाकटी म्हणाली आणि पलंगावर सरकून तिने जागा केली.